अर्धं बोट

शुक्रवारी या शेडमध्ये गाई असतात,
रविवारी माणसं.
भुसा झाडून काळं रबर अंथरलं
तरी ल्यूवार्डनची ही जमीन ऐकत नाही,
शंभरेक लोक घामाघूम झाले
की ती पुन्हा शेणाचाच वास सोडते.

चाळीस वर्षं मी गाईंना गुण दिले.
कास, खूर, पाठीची रेघ, मागच्या पायांची ठेवण.
गाय कधी विचारत नाही, मला ब्याऐंशीच का.
मालक विचारायचे.
मी म्हणायचो, माझ्या डोळ्याला विचारा,
आणि टोपी घालून निघायचो.

आज मार्गिका चौदा.
भिंतीवर लाल वर्तुळ, हातात चेंडू,
खाली बसायचं, उठायचं, फेकायचा,
शंभर वेळा.
त्याआधी धावून, ओढून, ढकलून
जीव निम्मा झालेला असतो.
नियम एका ओळीचा:
जांघेची घडी गुडघ्याखाली गेली तर एक,
नाही तर नाही.
सकाळी उजळणीला आम्ही बारा पंचांनी माना हलवल्या.
बारा मानांची उंची कोणी मोजली नाही.
शेजारी तेराव्या मार्गिकेवर ओएने, बेकरीवाला.
त्याच्या तराजूत पाव नेहमी जरा जास्तच बसतो.
कुणाला तेरा मिळते, कुणाला चौदा,
ते मशीन ठरवतं.

दहा वाजता हिस्के आली,
आमच्याच गल्लीत टपाल वाटते, सायकलवर.
मी अकरा वेळा म्हणालो, नाही.
पहिल्यांदा ती म्हणाली, बरं.
पाचव्यांदा काही म्हणाली नाही.
अकराव्यांदा चेंडू छातीशी धरून
माझ्याकडे बघत राहिली, श्वासभर,
आणि पुन्हा खाली बसली.
पुढच्या फेरीची जागा तिची नऊ सेकंदांनी गेली.
अकरा चेंडूंना बावीस सेकंद लागतात.
हा हिशेब मी जेवताना केला,
सूप निवलं.

चारला माझेच गुडघे बोलू लागले.
झ्वोलेचा एक पोरगा,
पोटरीत गोळा आलेला,
कठड्याला त्याचा बाप, दोन्ही मुठी तोंडावर.
सत्त्याण्णव, मी म्हणालो. अठ्ठ्याण्णव.
त्याची मांडी तिथेच थांबत होती
जिथे हिस्केची थांबली होती. अर्धं बोट वर.
मला दिसत होतं.
नव्व्याण्णव.
दया होती की थकवा, ते सांगता येत नाही,
पोटात दोन्ही एकाच जागी दुखतात.

संध्याकाळी रबर गुंडाळत होते.
हिस्के आली, काखेत हेल्मेट.
भांडेल असं वाटलं,
डोळ्याला विचारा, हे वाक्य मी तयार ठेवलं होतं.
तिने हेल्मेट खाली ठेवलं.
रिकाम्या हातांनी माझ्यासमोर
हळूहळू बसू लागली, मध्येच थांबली.
हे?
मी म्हणालो, नाही.
थोडी आणखी खाली. मांड्या थरथरत होत्या.
हे?

मी उंच माणूस.
गाईच्या पाठीवरून बघायची सवय.
कधी नव्हे तो मी खाली टेकलो,
एक गुडघा, मग दुसरा, जमिनीचा गारवा लागला,
आणि माझा डोळा तिच्या गुडघ्याच्या पातळीला आला.

हे चालतं, मी म्हणालो.
आणि आधीचं?
तिला पुन्हा वर यायला लावलं,
पुन्हा अर्ध्यावर थांबायला लावलं.
दिवसभरात पहिल्यांदा मी नीट बघितलं.
तेही चाललं असतं.

अकरातले असे किती होते, डाउवे?
माझं नाव तिला पत्रांवरून माहीत.

मागच्या दारातून शुक्रवारचे कठडे
आत आणायला सुरुवात झाली होती,
लोखंडावर लोखंड.
तिला उठताना हात द्यायला हवा होता,
पण मीच अजून खाली होतो.
टोपी शेजारी पडली होती.
ती मी हातात घेतली,
डोक्यावर घातली नाही.